निळा ठिपका कुठून येतो? फोनमधलं लोकेशन समजून घेताना आणि वापरताना

नकाशाचं अ‍ॅप उघडलं की मधोमध एक निळा ठिपका दिसतो. तुम्ही इथे आहात, असं फोनचं म्हणणं असतं. बहुतेक वेळा ते खरं निघतं, त्यामुळे आपण जास्त विचार करत नाही. मग एखाद्या दिवशी हा ठिपका आपल्याला शेजारच्या इमारतीत नेऊन बसवतो, किंवा मित्राला पाठवलेलं लोकेशन दीड किलोमीटर लांबचं निघतं, आणि आपण ‘जीपीएस बिघडलंय’ म्हणून मोकळे होतो. जीपीएस बिचारं बरेचदा धडधाकट असतं. त्या वेळी तो ठिपका जीपीएसवरून काढलेलाच नसतो, इतकंच.

लोकेशनचं बटण आजवर फक्त चालू-बंद केलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. फोन हाताशी घेऊन वाचा, कारण मधूनमधून काही गोष्टी करून बघायच्या आहेत. सुरुवातीलाच एक फरक मनात पक्का करून घ्या: फोनने स्वतःची जागा शोधणं हे एक काम, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला सांगणं हे वेगळं काम. लोकेशनबद्दलचे निम्मे गोंधळ आणि जवळपास सगळी भीती ही दोन कामं एकत्र धरल्यामुळे होते.

उपग्रह तुम्हाला ओळखत नाही

वरून उपग्रह आपल्याला बघतो आणि फोनला आपला पत्ता कळवतो, असं चित्र पुष्कळांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात उलट आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि दिवसातून दोन प्रदक्षिणा घालतात. मूळ आराखडा २४ उपग्रहांचा होता. अलीकडे तीसच्या आसपास चालू असतात. यातला प्रत्येक जण रेडिओ केंद्रासारखा अखंड एकच पाढा म्हणत असतो: मी अमुक क्रमांकाचा, माझी कक्षा अशी, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. फोन ते नुसतं ऐकतो. उपग्रहाकडे उलट काहीही पाठवत नाही. पाठवायचं म्हटलं तरी त्याच्या अँटेनात तेवढी ताकद नाही. तुम्ही अस्तित्वात आहात हेही त्या उपग्रहाला ठाऊक नसतं.

मग नुसत्या ऐकण्यातून जागा कशी कळते? लहरी प्रकाशाच्या वेगाने येतात, तरी एवढ्या अंतरावरून यायला त्यांना सेकंदाच्या शंभर भागांपैकी सुमारे सात भाग लागतात. हा उशीर मोजला आणि वेगाने गुणला, की उपग्रहापासूनचं अंतर मिळालं. एका उपग्रहाचं अंतर कळलं तर तुम्ही त्याच्याभोवतीच्या एका अवाढव्य गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहात. दुसऱ्याचं कळलं की दोन गोल जिथे एकमेकांना छेदतात त्या वर्तुळावर. तिसऱ्यानंतर दोनच बिंदू उरतात, आणि त्यातला एक सहसा अंतराळात असल्यामुळे बाद होतो. म्हणजे तीन पुरे व्हायला हवेत, पण लागतात चार.

याला कारण आपल्या फोनचं घड्याळ. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात आणि फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकतं. त्यामुळे ‘माझं घड्याळ नेमकं किती चुकतंय’ हीसुद्धा एक अज्ञात संख्या धरावी लागते. तीन अज्ञातं जागेची, चौथं वेळेचं. म्हणून चार उपग्रह. यातून एक फायदा असा, की जागा सापडते तेव्हा फोनला अचूक वेळही फुकट मिळते.

जाता जाता एक गंमत. वेग आणि उंचीवरचं कमी गुरुत्वाकर्षण यांचा एकत्रित परिणाम म्हणून उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. सापेक्षतावादाने सांगितलेला हा फरक आधीच दुरुस्त करून ठेवलेला असतो. तो तसाच राहू दिला असता, तर दर दिवशी दहा किलोमीटरहून जास्त चूक साठत गेली असती.

इतिहास थोडक्यात. ही यंत्रणा अमेरिकेच्या सैन्याची. पहिला उपग्रह १९७८ साली गेला. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तरीही सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम घोळ घातलेला असे, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक ठरलेली. मे २००० मध्ये तो घोळ बंद झाला. आज ‘जीपीएस’ हे आपण सरसकट वापरतो ते नाव आहे. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइडो, भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएस अशा इतरही यंत्रणा आहेत, आणि बरेच फोन यातल्या अनेकींचं एकाच वेळी ऐकतात.

पहिली पायरी: विमान मोड लावून मोकळ्या आकाशाखाली जा

हा प्रयोग खरंच करा. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते बघा, लोकेशन मात्र चालू ठेवा. मोकळ्यावर जाऊन नकाशा उघडा आणि थांबा. थोड्या वेळाने ठिपका येईल. विमान मोडमध्ये फोनचं बोलणं बंद होतं. जीपीएसला फक्त ऐकायचं असतं, म्हणून ते चालू राहतं. काही जुन्या फोनमध्ये या मोडबरोबर जीपीएसही बंद होत असे, तेवढा अपवाद सोडा.

‘थोडा वेळ’ म्हणजे अर्धा मिनिट ते काही मिनिटं. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. कामापुरती माहिती ३० सेकंदांच्या एका फेरीत येते, पण मध्ये झाड किंवा भिंत आडवी आली की पुन्हा पुढच्या फेरीची वाट पाहा. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक ऐकायला तर साडेबारा मिनिटं लागतात. इंटरनेट चालू असेल तर फोन हीच माहिती सर्व्हरवरून क्षणात उतरवून घेतो आणि मग काही सेकंदांत जागा सापडते. याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. म्हणजे इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त सावकाश.

नकाशाचं चित्र ही मात्र वेगळी बाब. मी एकदा नेटवर्क नसलेल्या भागात अशाच फाजील आत्मविश्वासाने निघालो होतो. ठिपका अगदी इमानाने सरकत होता, पण कोऱ्या राखाडी पडद्यावर. मी पृथ्वीवर नेमका कुठे आहे हे फोनला माहीत होतं. रस्ता कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवतो. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या खात्याच्या चित्रावर टॅप केलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय सहसा तिथेच सापडतो. उतरवताना चौकट थोडी मोठीच घ्या. वाट चुकल्यावर आपण चौकटीबाहेर जाण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी पायरी: ठिपक्याभोवतीचं वर्तुळ वाचा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ असतं. ‘तुम्ही या एवढ्या परिसरात कुठेतरी असाल’ अशी ती फोनची कबुली आहे. वर्तुळ मोठं, तर फोनची खात्री कमी. आणि ते कुंपण नव्हे: अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही या वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीनातल्या एका वेळी बाहेरही असू शकता.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा देतो, आणि तेव्हा वर्तुळ जवळपास दिसेनासं होतं. घरात शिरलात की ते फुगतं. कारण उपग्रहाची लहर इथवर पोचेपर्यंत इतकी क्षीण झालेली असते, की काँक्रीटचं छत तिला सहज अडवतं. मग फोन दुसऱ्या साक्षीदारांना विचारतो.

पहिला साक्षीदार वायफाय. आजूबाजूचे राउटर सतत आपला ओळखक्रमांक जाहीर करत असतात. त्यांना जोडलं जाण्याची किंवा पासवर्डची गरज नाही. नुसतं ऐकलं तरी पुरे. कुठला राउटर कुठे आहे याच्या प्रचंड याद्या गूगल आणि अ‍ॅपलकडे असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फोनकडून मिळालेल्या माहितीवर त्या अद्ययावत होत राहतात. यातून मिळणारी जागा साधारण वीस-तीस मीटरपर्यंत अचूक असते. लोकेशन नीट येत नाही म्हटल्यावर फोन ‘वायफाय चालू करा’ असं सुचवतो ते याचसाठी. पण एखाद्याने घर बदललं आणि राउटर बरोबर नेला, तर यादी सुधारेपर्यंत तो राउटर जुनाच पत्ता सांगत राहतो. नव्या घरात बसल्या बसल्या ठिपका मध्येच जुन्या घरी उडी मारून येत असेल, तर संशय राउटरवर घ्या.

दुसरा साक्षीदार मोबाइलचा टॉवर. हा अगदीच ढोबळ: काहीशे मीटर ते काही किलोमीटर. मित्राला गेलेलं ते दीड किलोमीटर लांबचं लोकेशन बहुधा याच्याच साक्षीवर गेलेलं असतं. नकाशा उघडताक्षणी वर्तुळ केवढंतरी मोठं असतं आणि मग आकसत जातं, ते बघितलंय? आधी टॉवरची साक्ष येते, मग वायफायची, शेवटी उपग्रहांची. हे आकसणं संपेपर्यंत थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांचं काम, पण घाईत कुणी थांबत नाही.

उंच इमारतींच्या गल्लीत वेगळाच त्रास. लहर थेट न येता काचेवर, भिंतीवर आपटून येते. वळसा घेतल्यामुळे तिला उशीर होतो आणि उपग्रह आहे त्याहून लांब आहे असं फोन समजतो. तुम्ही रस्त्याच्या या बाजूला, ठिपका त्या बाजूला. चौकात किंवा जरा मोकळ्या जागी या आणि मग बघा. २०१८ पासून दोन वारंवारितांवर ऐकणारे फोन मिळू लागले आहेत. एल-१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. त्यांना थेट आलेली आणि आपटून आलेली लहर जास्त चांगली ओळखता येते.

दिशेचं काय? ठिपक्यातून विजेरीच्या झोतासारखा पट्टा निघतो, ती तुमच्या फोनची दिशा. तुम्ही एका जागी उभे असाल तर जीपीएसला ही दिशा कळूच शकत नाही. ती फोनमधला चुंबकीय होकायंत्राचा सेन्सर सांगतो. पट्टा खूप रुंद असेल किंवा भलतीकडे असेल, तर फोन हातात धरून हवेत आठाचा आकडा काढा. हा आठ म्हणजे दोन गोल एकमेकांना चिकटलेला इंग्रजी आठ (8). आपल्या मराठी आठाने काम भागणार नाही. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर काढून बघा, लोखंडी वस्तूंपासून दूर व्हा. तेवढ्यानेही नाही जमलं तर वीसेक पावलं चाला: ठिपका ज्या बाजूला सरकेल ती तुमची दिशा.

तिसरी पायरी: कोणत्या अ‍ॅपला काय सांगायचं ते ठरवा

इथवर झालं ते शोधणं. आता सांगणं. उपग्रह कुणाला काही सांगत नाही, हे आपण पाहिलं. तुमची जागा बाहेर जाते ती फोनमधल्या अ‍ॅपमार्फत, इंटरनेटवरून. म्हणून खरा दरवाजा परवानग्यांचा आहे.

सेटिंग्ज उघडा, लोकेशन किंवा ‘स्थान’ शोधा आणि अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी काढा. आयफोनवर ही यादी गोपनीयतेच्या विभागात लोकेशन सेवांखाली मिळते. यादी बघून बहुतेकांना धक्का बसतो. प्रत्येक अ‍ॅपपुढे साधारण चार पर्याय असतात: नेहमी, अ‍ॅप वापरत असतानाच, दर वेळी विचारा, आणि परवानगी नाही.

माझी पद्धत सांगतो. यादीतल्या ‘नेहमी’वाल्यांना आधी गाठायचं. अ‍ॅप बंद असतानाही माझी जागा याला का हवी, या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही तर ‘वापरत असतानाच’वर आणायचं. हरवलेला फोन शोधणारी सोय आणि घरच्यांबरोबर सतत लोकेशन शेअर करणारं अ‍ॅप, एवढ्यांना ‘नेहमी’ शोभतं. बाकी कुणाचं काही अडलं तर ते अ‍ॅप स्वतःच पुन्हा विचारेल. मागायला ही मंडळी लाजत नाहीत. विजेरी, कॅल्क्युलेटर, फोटो सजवणारी अ‍ॅप्स यांना साफ नकार.

यात आणखी एक बटण आहे, आणि ते फारसं कुणी वापरत नाही: अचूक जागा की अंदाजे जागा. आयफोनमध्ये ते २०२० पासून म्हणजे आयओएस १४ मध्ये आलं, अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत. अंदाजे निवडलं तर अँड्रॉइड त्या अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरच्या परिसरापर्यंतचीच माहिती देतं. हवामानाच्या अ‍ॅपला एवढं भरपूर झालं. पाऊस घराघराप्रमाणे वेगळा पडत नाही. टॅक्सी बोलावण्याच्या आणि रस्ता दाखवण्याच्या अ‍ॅपला मात्र अचूक जागा द्या, नाहीतर टॅक्सी पलीकडच्या रस्त्यावर उभी राहील.

उलट बाजूही पाहा. मोकळ्या मैदानातही एखाद्या अ‍ॅपमध्ये ठिपका हट्टाने चुकत असेल, पण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये बरोबर दिसत असेल, तर त्या पहिल्या अ‍ॅपला चुकून ‘अंदाजे’ दिलेलं असतं. ‘जीपीएस बिघडलंय’ या तक्रारीमागे हे कारण वारंवार निघतं.

लोकेशनचं मुख्य बटण बंद केलं की आपण अदृश्य झालो, असं मानू नका. फोन चालू आहे तोवर तो कुठल्या टॉवरला जोडलेला आहे हे मोबाइल कंपनीला कळतं, आणि इंटरनेट पत्त्यावरून तुमचं शहर बहुधा ओळखता येतं. फोटोंचंही तसंच. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर प्रत्येक फोटोत तो काढल्याची जागा लिहिली जाते. बरीच मेसेजिंग अ‍ॅप्स फोटो आकाराने लहान करताना ही नोंद काढून टाकतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. घरात काढलेला विकाऊ वस्तूचा फोटो अनोळखी माणसाला पाठवण्याआधी हे आठवलेलं बरं.

चौथी पायरी: लोकेशन पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन प्रकार आहेत. ‘सध्याचं लोकेशन’ म्हणजे त्या क्षणाचा एक ठिपका. तुम्ही पुढे गेलात तरी तो तिथेच राहतो. ‘लाइव्ह लोकेशन’ म्हणजे तुमच्याबरोबर सरकणारा ठिपका, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी. घ्यायला येणाऱ्याला लाइव्ह पाठवा, पत्ता सांगायचा असेल तर साधं.

पण घराचा किंवा कार्यक्रमाचा पत्ता कळवायचा तर स्वतःच्या ठिपक्यावर विसंबूच नका. नकाशा मोठा करा, नेमक्या दारावर बोट दाबून धरा, तिथे खूण उमटेल, तीच पाठवा. ती तुम्ही डोळ्यांनी बघून ठेवलेली असते, साक्षीदारांच्या मर्जीवर नसते.

खूण केल्यावर दोन दशांश संख्याही दिसतात. आधी अक्षांश, मग रेखांश. हा क्रम उलटला तर माणूस भलत्याच देशात किंवा समुद्रात पोचतो. दशांशचिन्हानंतर पाच आकडे असले की अचूकता मीटरभराची, चार असले की अकरा मीटरची. यापुढचे आकडे फोनवर दिसले तरी त्यांना अर्थ नाही, कारण ठिपकाच मुळात पाच मीटर इकडेतिकडे असतो. नेटवर्क डळमळीत असेल तेव्हा हे आकडे फोनवर बोलून किंवा साध्या एसएमएसने कळवता येतात.

ठिपका आलाच नाही तर

लोकेशन चालू आहे का, बॅटरी बचत लावलेली नाही ना, अ‍ॅपला ‘अचूक’ दिलंय का, एवढं आधी बघा. बॅटरी बचत चालू असेल तर स्क्रीन बंद होताच काही फोन लोकेशन थांबवतात. चालण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये रस्त्याऐवजी सरळ रेघ उमटते ती बहुतेक यामुळे. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. अँड्रॉइडवर लोकेशनच्या सेटिंगमध्ये अचूकता वाढवण्याचं आणि वायफाय स्कॅनिंगचं बटण असतं. घरात ठिपका भटकत असेल तर ती दोन्ही चालू करा. मग विमान मोड लावून काढा, नाहीतर फोन बंद करून पुन्हा चालू करा. आणि इतकं करण्याआधी खिडकीपाशी जाऊन बघायला हरकत नाही.

बॅटरीबद्दल लोक जीपीएसला उगाच बोल लावतात. तासन्‌तास रस्ता दाखवताना खर्च होतोच, पण त्यात उजळलेल्या स्क्रीनचा वाटा मोठा असतो. वळण लांब असेल तेव्हा स्क्रीन बंद करून आवाजावर चाला.

फोन हरवण्याआधी करायचं काम

हरवलेला फोन शोधण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे, पण ती आधीपासून चालू असावी लागते. आजच घरातल्या दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून तुमच्या खात्यात जा आणि तुमचा फोन नकाशावर कुठे दिसतो ते बघा. तो बाजूच्याच टेबलावर असेल, पण नकाशात कुठे येतो आणि भोवतीचं वर्तुळ केवढं आहे, ते नीट पाहून ठेवा. फोन खरंच हरवेल तेव्हा एवढ्याच परिसरात शोधायचं आहे. वर्तुळ चार इमारतींना कवेत घेत असेल, तर कुठल्याही एका दारावर जाऊन भांडायच्या आधी फोनची घंटी वाजवण्याचं बटण दाबा.